धूळ न पुसण्याचे एकवीस दिवस

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दहावीनंतर एसी दुरुस्तीचं काम शिकले आणि दुबईला आले. आई नववीपर्यंत शिकली. त्यामुळे मी घरी काही सांगायला लागले की दोघंही पेपर तपासणाऱ्यासारखे गंभीर होतात, आणि मी अडखळले की लगेच हसतात. हे लिहितानाही मला थोडी भीती वाटते आहे, कारण यात आईचा एक पराक्रम आहे आणि ती हे वाचणार आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका सत्रापुरते कोरियाहून आलेले सर शिकवायला होते. कमी बोलायचे. कागद द्यायचा असला तरी दोन्ही हातांनी द्यायचे, त्यामुळे साधी प्रश्नपत्रिकासुद्धा बक्षीस मिळाल्यासारखी वाटायची. त्यांनी पहिल्याच तासाला एक विचित्र गृहपाठ लावला. दर आठवड्याला कोरियात चाललेलं कुठलंही एक नवं संशोधन शोधायचं. विषय कोणताही चालेल, शेती, औषधं, यंत्रं, काहीही. ते चिठ्ठीवर तीन वाक्यांत लिहायचं. पण वर्गात आणण्याआधी घरी वाचून दाखवायचं. घरच्यांना कळलं तरच सर चिठ्ठी घेणार, नाहीतर परत लिहायची.

"घरी कोणी इंजिनिअर असेल तर?" एकानं विचारलं.

"मग शेजारी जा," सर म्हणाले.

मला शेजारी जायची गरज नव्हती. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर परीक्षक तयारच होते.

पहिली चिठ्ठी मी तांदळावर लिहिली. तिथल्या संशोधकांनी तांदळाच्या दाण्यातच जनावराच्या मांसाच्या पेशी वाढवल्या आहेत, म्हणजे भातातच प्रथिनं मिळतील, आणि तो भात गुलाबी दिसतो. वाचताना मी जनावर कोणतं ते गिळलं.

"गुलाबी?" आई म्हणाली. "बीट घातलं असेल."

"नाही गं, पेशी."

"कसल्या?"

"प्राण्याच्या."

बाबांनी ताटातला भात जरा निरखून पाहिला. "कोणत्या प्राण्याच्या?"

"बाबा, तीनच वाक्यं लिहायची असतात."

दुसऱ्या आठवड्यात मी कृत्रिम सूर्य घेतला. सूर्याच्या पोटात जे चालतं तेच एका यंत्रात घडवून ते टिकवून धरण्याची तिथे खटपट चालू आहे. आईनं खिडकीच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तो आम्ही मार्च ते ऑक्टोबर उघडतच नाही. "आहे तो पुरत नाही का त्यांना? म्हणावं, इथला अर्धा घेऊन जा."

तिसऱ्या आठवड्यात घामातून साखर मोजणारी पट्टी होती. बाबा दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर एसीच्या बाहेरच्या मशीनपाशी उभे असतात. ते म्हणाले, "मला कळव. माझ्या एकट्याच्या घामावर त्यांचा कारखाना चालेल."

चौथी चिठ्ठी मात्र मला स्वतःलाच जड गेली. काही वर्षांपूर्वी कोरियातल्या काही संशोधकांनी जाहीर केलं होतं की वीज जराही वाया न घालवता नेणारा पदार्थ त्यांना सापडला आहे, तोही साध्या हवेच्या तापमानाला. जगभर लोकांनी तसा पदार्थ करून पाहिला. कोणालाच तसं दिसलं नाही.

"म्हणजे फेकाफेक," बाबा म्हणाले.

"तसं नाही म्हणता येणार. म्हणजे, मला वाटतं, त्यांनी कृती सगळ्यांसमोर ठेवली ना. म्हणून तर करून बघता आलं."

"कृती दिली आणि पदार्थ बिघडला तर कृतीच चुकीची," आई म्हणाली. "नाहीतर एखादी गोष्ट सांगायची राहिलेली असते."

हे वाक्य पुढे तिच्यावरच उलटणार होतं, पण तेव्हा आम्हाला दोघींनाही ते ठाऊक नव्हतं.

सत्राच्या मध्यावर सरांनी सांगितलं की उन्हाळ्यात सहा आठवडे त्यांच्या कोरियातल्या प्रयोगशाळेत काम करायला एका विद्यार्थ्याला जाता येईल. जागा एकच. ज्यांच्या इमारतीला सपाट गच्ची आहे आणि तिथे जायची परवानगी मिळेल, अशा सहा जणांना त्यांनी प्रयोग दिला. एकवीस दिवसांची नोंद ज्याची उत्तम, त्याचं नाव जाणार होतं.

मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी कोणाला सांगितलंही नाही. घरात फक्त "एक प्रयोग आहे" एवढंच म्हणाले.

प्रयोग असा. हातभर लांबीरुंदीच्या चार पाट्या. एक काळी, एक साध्या पांढऱ्या रंगाची, आणि दोन पाट्यांना एक खास पांढरा लेप लावलेला. हा लेप ऊन परतवतो आणि स्वतःतली उष्णताही आभाळाकडे सोडत राहतो, त्यामुळे भर उन्हातही थंड राहतो. अशा लेपांवर कोरियातच नाही, बऱ्याच ठिकाणी काम चाललं आहे. सरांना बघायचं होतं की दुबईची दमट हवा आणि धूळ खाऊन तो किती दिवस थंड राहतो. प्रत्येक पाटीच्या पोटाला तापमान मोजणारी तार आणि ते टिपून ठेवणारी एक डबी. आम्ही काहीच करायचं नाही. आठवड्यातून एकदा डबीतले आकडे उतरवून आणायचे.

बाबांना लेपाचं कळल्यावर त्यांनी घास थांबवला. "छतं आपोआप थंड व्हायला लागली तर एसी कोण लावणार? माझ्याच घरातून माझा धंदा बंद करणार का तुझे सर?"

"वेळ लागेल त्याला, बाबा."

"इन्शाल्ला," बाबा म्हणाले. असे उद्गार त्यांनी इतक्या मनापासून काढलेले मी क्वचितच ऐकले होते.

आता गच्चीचा प्रश्न. आमच्या इमारतीची गच्ची कुलपात असते. किल्ली नातूरकडे. इथे इमारतीच्या राखणदाराला नातूर म्हणतात. आमचे नातूर केरळचे, वयस्कर, नियमांना चिकटलेले. आई आठ वर्षं त्यांच्याकडे किल्ली मागत होती, आणि ते आठ वर्षं हिंदीत एकच उत्तर देत होते, "छत बंद है, मॅडम."

आईला गच्ची हवी होती पापडांसाठी. आमच्या बाल्कनीत समोरच्या इमारतीची सावली. तिथे पापड वाळत नाहीत, नुसते पडून राहतात. आई उडदाचे पापड असे लाटते की पलीकडचं दिसावं, पण वाळवणार कुठे? डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणाऱ्या तिच्या मैत्रिणी गावाहून आणलेले पापड पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "उन्हातले आहेत हो." ते आईला फार लागायचं. ऊन हेच इथलं मुख्य पीक, आणि तेच तिला मिळत नव्हतं.

कॉलेजनं इमारतीच्या मालकांना पत्र दिलं. त्यात सरांनी सुरक्षेसाठी एक ओळ घातली होती, की विद्यार्थ्यानं एकट्यानं गच्चीवर जाऊ नये, एक सहाय्यक सोबत असावा. सहाय्यकाच्या रकान्यात मी आईचं नाव लिहिलं. मालकांचा शिक्का आला. नातूरनी पत्र दोनदा वाचलं आणि आठ वर्षांनी किल्ली काढली.

"अब मैं असिस्टंट हूँ," आई त्यांना म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आम्ही दोघींनी पाट्या विटांवर ठेवल्या, पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे, जिथे दिवसभर सावली येत नाही. आईनं प्रत्येक पाटीवरून हात फिरवला. "किती छान सपाट आहेत गं," ती म्हणाली. मला वाटलं तिला विज्ञानाची गोडी लागली.

मी सकाळी सातला मेट्रो पकडायचे आणि संध्याकाळी यायचे. आल्यावर आईबरोबर वर जाऊन पाट्या बघायचे. त्या रोज लखलखीत असायच्या. बाकीच्या पाच जणांच्या पाट्या मळकट होत चालल्याचं मी ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर आमच्या पाट्यांचा मला जरा अभिमानच वाटत होता. आमच्याइतकी काळजी कोणीच घेत नाही, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

दोन आठवडे झाल्यावर सरांनी सहाही जणांचे आलेख भिंतीवर दाखवले. पाच आलेख साधारण एकसारखे. माझ्या आलेखात मात्र पहिल्या आठवड्यातले चार दिवस आणि दुसऱ्यातले तीन दिवस सकाळी नऊ ते दुपारी चार चारही पाट्यांच्या रेषा एकमेकींजवळ आलेल्या. जणू पाट्यांनी आपसात ठरवलं होतं. काळीसुद्धा हवी तितकी तापत नव्हती. आणि लेपावर धूळ बसून जो परिणाम दिसायला हवा होता, तो मुळीच नव्हता.

सरांनी माझ्या आलेखावर बोट ठेवलं. मग त्यांनी मला विचारलं, "करामात धूळ नाही?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "आहे, सर. म्हणजे, असावी. मी बघते."

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "पाट्यांवर धूळ का नाही?"

"का म्हणजे? मी पुसते ना रोज." ती शाबासकीची वाट बघत होती. "ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या. तुला लक्षात राहत नाही म्हणून मीच करते."

"रोज?"

"पापड घालायच्या आधी पुसायलाच लागतं. अशा घाणीवर साडी कशी अंथरू?"

मी खुर्चीत बसले. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. मी गेले की ती सहाय्यक या नात्यानं किल्ली घ्यायची. पाट्या पुसायच्या, चारींवर मिळून एक जुनी सुती साडी ताणून बसवायची, टोकं विटांखाली दाबायची आणि वर पापड. चारला सगळं गोळा. नातूरना रोज चार पापड. हा नियमांचा माणूस आईला एकटीला वर कसा जाऊ देत होता तेही कळलं.

"आणि एक सांगते," आई म्हणाली, "तुमच्या त्या लेपाच्या पाट्या काही कामाच्या नाहीत. काळीवर दुपारपर्यंत पापड कडकडीत. त्या दोन पांढऱ्यांवर संध्याकाळपर्यंत चामट. सरांना म्हणावं, हा माल परत करा."

"आई, लेप उत्तम आहे याचा तो पुरावा आहे."

"पापड वाळत नाहीत आणि उत्तम?"

मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही धड येत नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं की या प्रयोगावर काय अवलंबून आहे. कोरिया. सहा आठवडे. एकच जागा.

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आधी का नाही बोललीस?"

बाबांनी उपाय काढला. "सांग की त्या दिवसांत वारा पडला होता. किंवा तार सैल झाली होती. आमच्या धंद्यात कस्टमरला सगळं सांगत नसतात. मशीनच वेड्यासारखं करतं म्हणायचं."

"आणि माझं नाव घेऊ नकोस," आई पुटपुटली. "एवढा शिकलेला माणूस. काय म्हणेल?"

मी खोलीत जाऊन ते सात दिवस गाळून पाहिले. आलेख बरा दिसत होता. कोणाला कळलं नसतं, असं मला वाटतं. पण मग ती चौथी चिठ्ठी आठवली, आणि आईचं ते वाक्य, सांगायची राहिलेली गोष्ट. शिवाय माझ्या नोंदीवर विश्वास ठेवून सरांनी पुढे काही केलं असतं, तर कोरियात कोणीतरी डोकं खाजवत बसलं असतं की करामात धूळ का बसत नाही.

त्या आठवड्याची चिठ्ठी मी त्यावरच लिहिली. तीन वाक्यं. नियम होता म्हणून घरी वाचून दाखवली.

"माझ्या सहाय्यकानं चौदा दिवस पाट्या रोज ओल्या फडक्यानं पुसल्या. त्यातले सात दिवस नऊ ते चार त्यांवर जुनी साडी अंथरून मुगाचे पापड वाळत घातले. त्यामुळे माझी नोंद धरू नये."

मला वाटलं आता आई चिठ्ठी फाडणार.

"मुगाचे नव्हते," ती म्हणाली. "उडदाचे. खोटं कशाला लिहितेस?" आणि थोड्या वेळानं, "साडी जुनी होती, पण फाटकी नव्हती. तेही लिही."

"तीनच वाक्यं, आई."

"मग दुसऱ्या वाक्यात घाल."

सरांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. वाचली. परत वाचली. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि मी जमिनीकडे बघत होते. वरून आवाज आला, "एका पाटीवर किती पापड?"

"मला माहीत नाही, सर."

"सहाय्यकाला माहीत असेल?"

मी घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "आई, सर विचारतायत, एका पाटीवर किती पापड?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "बारा. सांग, एकमेकांना चिकटू दिले नाहीत. आणि दुपारी एकदा उलटले."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सर लिहून घेत होते.

"आधी कोणते वाळले?"

"काळीवरचे. मग साध्या पांढऱ्यावरचे. मग टाकीकडची पाटी, आणि शेवटी कडेची. त्यांना म्हणावं, त्या दोन सारख्या नाहीत. कडेची जास्त थंड आहे. माझा हात सांगतो."

सरांनी पेन थांबवलं. मग त्यांनी वहीत चार चौकोन काढले आणि त्यात आकडे घातले. चेहऱ्यावर काही नाही. पण कडेच्या चौकोनाला त्यांनी गोल केला.

"ही नोंद बाद," ते म्हणाले. मी मान हलवली. खलास. "उद्यापासून पुन्हा. एकवीस दिवस. मला बाविसाव्या दिवशी नाव पाठवायचं आहे, तेव्हा एकही दिवस वाया घालवता येणार नाही. तुमची नोंद चांगली आली तर मी ती इतर पाचांबरोबर धरीन." मग वही मिटून, "सहाय्यक बदलायचा आहे का?"

"नाही, सर," मी म्हणाले. का म्हणाले ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

ते एकवीस दिवस आईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. जिच्या घरात पंख्याची पातीसुद्धा आठवड्याला पुसली जाते, तिला धूळ बसलेली बघायची होती आणि हात लावायचा नव्हता. पहिले तीन दिवस ती वर आली आणि टाकीकडे तोंड करून उभी राहिली. पाचव्या दिवशी वाऱ्याबरोबर वाळू आली, पाट्या पिवळट झाल्या. ती हात पाठीमागे बांधून उभी होती, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

"एका कोपऱ्यात तरी?" तिनं विचारलं.

"नाही."

"फुंकर?"

"आई!"

बाबांना या दिवसांची फार मजा वाटत होती. घरी आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "काय मग, आज किती धूळ खाल्लीत?" नातूर मात्र खिन्न होते. "आज भी पापड नहीं?" ते विचारायचे, आणि आई त्यांना सांगायची, "एक्सपरिमेंट चालू है." आठ वर्षांचा हिशेब तिनं त्या एका वाक्यात चुकता केला.

बाराव्या दिवशी तिनं मला कॉलेजात फोन केला. वर्गात होते तरी मी उचलला, कारण ती कधी त्या वेळी करत नाही.

"मैनेनं घाण केली आहे. कडेच्या पाटीवर. तीही ठेवायची का? विचारून सांग."

मी सरांकडे गेले. कसं विचारावं ते कळेना. शेवटी सरळ विचारलं. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "आकार किती?"

आईनं दुरून माप सांगितलं, दोन मेथीदाण्यांएवढी. सर म्हणाले ठेवा. आईनं सुस्कारा सोडला तो मला फोनवर ऐकू आला.

एकविसाव्या दिवशी दुपारी सर स्वतः आले. मेट्रोनं आले आणि लिफ्ट न घेता चार मजले चढून आले. दारात बूट काढले, ते आईला आवडलं. पण गच्चीकडे जाताना ती माझ्या कानाशी लागली, "त्यांना सांग, आमच्या घरी अशी धूळ नसते. हे मुद्दाम आहे."

मी सांगितलं. सर गंभीरपणे म्हणाले, "कल्पना आहे."

पाट्या भयानक दिसत होत्या. सरांनी पांढरा हातमोजा घातला, कडेच्या पाटीवरून एक बोट ओढलं आणि बोट उन्हात धरलं. "फार चांगली धूळ," ते म्हणाले. मी भाषांतर केलं. आई लाजेनं तांबडी झाली.

मग त्यांनी डबीतले आकडे तिथेच उतरवून घेतले आणि पाण्याच्या टाकीवर लॅपटॉप ठेवून पाहिले. मी उभी होते. नातूरही दाराशी उभे होते. रेषा शहाण्यासारख्या एकमेकींपासून दूर गेल्या होत्या, आणि टाकीकडची पाटी खरंच कडेच्या पाटीपेक्षा जराशी गरम होती. रोज, अगदी पहिल्या दिवसापासून. सरांनी ती उलटून मागे लिहिलेला पाटीचा क्रमांक पाहिला आणि वहीत लिहिलं की तिचा लेप पातळ लागला असावा, तपासायला हवं.

"तुमच्या सहाय्यकाचा हात बरोबर होता," ते म्हणाले. "नाव मी आज पाठवतो. तुमचं."

मी आईला सांगितलं. शब्द नीट आले नाहीत, पण तिला कळलं. तिनं माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला. मग पाट्यांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "आता पुसू का?"

मी विचारलं. सरांनी तीन पाट्यांकडे हात केला, या पुसा. कडेची मात्र तशीच हवी होती, मैनेसकट. ती पाटी सर बरोबर नेणार होते.

आई खाली गेली आणि फडकं घेऊन आली. दुसऱ्या हातात ती जुनी सुती साडी होती, आणि काखेत पापडांचा डबा नि एक पुठ्ठा. तीन पाट्या तिनं इतक्या जोरात पुसल्या की काळीत आम्हा सगळ्यांचे चेहरे दिसू लागले. मग ती चौथीपुढे बसली. धुळीला धक्का लागू नये म्हणून तिनं आधी पाटीच्या चार कोपऱ्यांवर एकेक पापड ठेवला, त्यावर पुठ्ठा, आणि मग साडीच्या घड्या घालून गाठ मारली. आजवर घरातून कोणाला काही देताना तिनं भांडं दोनदा धुतलेलं मी पाहिलं आहे. एवढी घाण तिनं पहिल्यांदाच बांधून दिली, आणि तीही पाहुण्याला.

सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.